चक्क्याखालचं पाणी

पाडव्याच्या आदल्या रात्री आमच्या पडवीत वाशाला सहा गाठोडी लटकत असतात. पंच्यात बांधलेलं दही वर, पातेलं खाली, आणि रात्रभर टपटप. पाहुणा असेल तर त्याला त्या आवाजाने झोप लागत नाही. आम्हाला तो थांबला की जाग येते, कारण थांबला म्हणजे चक्का उतरवायची वेळ झाली. श्रीखंडाच्या ऑर्डरी घेऊ लागल्याला मला चौदा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत खाली साचलेल्या त्या पाण्याकडे मी कधी नीट पाहिलंही नव्हतं. थोडं घावनाच्या पिठात, थोडं कढीत, आणि बाकीचं मागच्या केळींच्या बुंध्याशी.

यंदा तसंच पातेलं उचलून मागच्या दारी गेले, तर मुलगा ब्रश तोंडात धरून धावत आला.

"गो आये, व्हे ओततंस तू!"

त्याला वीस पुरं झालं आहे. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे, कबड्डीत चढाई करतो, आणि सुट्टीच्या दिवशी तारकर्लीला पर्यटकांच्या बोटीवर जातो. त्या बोटीच्या पैशातून त्याने दोन महिन्यांपूर्वी डबा आणला होता. काळा, चकचकीत, आमच्या तांदळाच्या डब्यापेक्षा ऐटबाज. एक किलो, दोन हजार नऊशे रुपये. सासूबाईंनी तेव्हाच विचारलं होतं, आत काय आहे? व्हे प्रोटीन म्हणजे दुधाचं दही-चीज झाल्यावर जे पाणी उरतं त्याची पावडर, असं त्याने त्यांना समजेल अशा भाषेत सांगितलं. ते त्याला महागात पडलं.

"ह्यां तर चक्क्याचा पाणी मां! ह्येका तीन हजार?"

घरात आठवडाभर दुसरा विषय नव्हता. आलागेला प्रत्येकजण डबा हातात घेऊन बघायचा आणि आमच्या केळी किती लाखांचं पाणी प्यायल्या याचा हिशोब करायचा. मीही हसले. केळी पोसलेल्या आहेत हे तर खरंच.

पण त्या सकाळी पातेलं हातात तसंच राहिलं. लग्नाआधी मी रसायनशास्त्र घेऊन बीएस्सी केलं आहे. त्याचा घरात आजवर एकच उपयोग झाला, साखरेचा पाक एकतारी का दोनतारी हे सांगण्यापुरता. तरी मनात आलं, हा मुलगा म्हणतो ते खरं असेल तर मी चौदा वर्षं काय ओतते आहे? आणि खरं नसेल तर तो काय पितो आहे?

पाणी ओतलं नाही. त्यातलं दोन वाट्या स्टीलच्या टोपात घेतलं आणि गॅसवर ठेवलं.

हे आठवलं ते प्रॅक्टिकलमुळे. दुधातली प्रथिनं ढोबळमानाने दोन जातीची. पाचात चार हिस्से केसीन, ते आंबट लागलं की गोळा होऊन खाली बसतं. उरलेला पाचवा हिस्सा व्हे प्रोटीनचा. तो आंबटाला दाद देत नाही, पाण्यातच राहतो, पण चांगला ताप लागला की त्याचे पांढरे पुंजके होतात. म्हणजे माझ्या पाण्यात व्हे प्रोटीन असेल तर उकळताना ते दिसायला हवं. पाणी उकळलं. आंबूस वास सुटला, तळाशी जरा गढूळपणा आला, चारदोन कण फिरले. बाकी काही नाही. मूळचा पिवळसर-हिरवट रंग तसाच, तो रिबोफ्लेविनचा, म्हणजे बी-२ जीवनसत्त्वाचा.

मग ते गेलं कुठे?

संध्याकाळी वाडीतल्या शेजारणीकडून गाईचं एक लिटर दूध आणलं, न तापवलेलं. ते बोट सोसेल इतकंच कोमट केलं आणि लिंबाचा रस पाण्यात पातळ करून थेंबथेंब सोडत गेले. दूध फाटलं. केसीनचा लगदा फडक्यात राहिला, खाली पाणी आलं. दिसायला सकाळच्यासारखंच, जरा जास्त गढूळ. ते गॅसवर चढवलं आणि समोर उभी राहिले. कडेला बुडबुडे धरायला लागले, आणि उकळी येण्याच्या जरा आधी, कालवणात नारळाचा रस फुटावा तसे पांढरे पुंजके एकदम वर आले. आधी बारीक, मग एकमेकांना चिकटून मोठे. मी मुलाला हाक मारली. तो आला, सासूबाई आल्या, नवराही पेपर घेऊन आला. गॅसभोवती चौघं उभी, जणू पहिल्यांदाच दूध बघतोय.

पुंजके फडक्यावर गाळले. दोन चमचे भरले असतील, ओले. चव काहीच नाही, जरा गोडसर.

फरक एवढाच होता की सकाळचं दही उकळलेल्या दुधाचं होतं आणि संध्याकाळचं दूध कच्चं. आपण दूध घरात आलं की आधी वर आणतो. सत्तर अंशांच्या पुढे व्हे प्रोटीनची घडी विस्कटायला लागते आणि ती केसीनला जाऊन बिलगतात. मग त्याचं दही लावा, चक्का टांगा, नाहीतर तापल्या दुधात लिंबू पिळून पनीर करा, ती बरीचशी वरच राहतात. खाली उतरते ती दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज, आंबटपणा, थोडे क्षार. कॅल्शियम मात्र चांगलंच उतरतं. थोडक्यात, केळी काही प्रोटीन पीत नव्हत्या. मुलगा चुकला होता, सासूबाईही चुकल्या होत्या, आणि हसण्यात सामील झालेली मीही. चक्क्याखालचं पाणी आणि डब्यातलं पाणी हे दिसायला सारखं, नावाला सारखं, पण वस्तू वेगळी. आमचं व्हे माझ्या गिऱ्हाइकांनी श्रीखंडातून खाल्लं होतं.

डब्यातलं येतं ते चीजच्या कारखान्यातून. तिथे दूध बहात्तर अंशांवर जेमतेम पंधरा सेकंद धरतात, मग निववून त्यात रेनेट घालतात. घडी विस्कटायला सवडच मिळत नाही. त्यामुळे केसीनचं चीज बनतं आणि व्हे प्रोटीन शाबूत पाण्यात येतं. दहा लिटर दुधातून किलोभर चीज आणि नऊएक लिटर हे पाणी. पूर्वी युरोप-अमेरिकेत ते डुकरांना घालत, शेतात सोडत, नाहीतर सरळ नदीत. नदीत ते गेलं की त्यातली साखर कुजायला लागते, पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. १९७०च्या दशकात अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्यांतून गाळण्याची सोय कारखान्यांत आली आणि टाकाऊ पाण्याला भाव आला. रापणीचं जाळं ओढताना पाणी निसटतं आणि मासळी मागे राहते, तसंच ते. प्रथिनांचे रेणू मोठे म्हणून अडकतात, लॅक्टोज आणि क्षार बारीक म्हणून पार होतात. अडकलेलं घट्ट करून गरम हवेत फवारतात, की झाली पावडर.

हे सगळं सांगताना 'रेनेट' शब्द माझ्या तोंडून सुटला ही चूक झाली. ते काय असतं, असं सासूबाईंनी विचारलं. मूळचं ते दूधपित्या वासराच्या पोटातलं. चार पोटांपैकी चौथ्यातलं. वासराच्या पोटात आईचं दूध घट्ट व्हावं म्हणून निसर्गाने केलेली ती सोय, आणि पूर्वी चीज करणारे ती वासरू मारूनच मिळवत. आता बहुतेक ठिकाणी सूक्ष्मजीवांकडून करवून घेतलेलं वापरतात, आपल्याकडच्या चीजवर त्यामुळेच हिरवा ठिपका असतो. मी डबा फिरवून हिरवा ठिपका दाखवला. त्यांनी चष्मा लावून पाहिला, आणि तरीही तो डबा देवघराच्या भिंतीलगतच्या फळीवरून उचलून खाली जमिनीवर ठेवला. अजून तो तिथेच असतो.

मुलाने मोजमापाचा चमचा पुढे केला. तेहेतीस ग्रॅम पावडरीत चोवीस ग्रॅम प्रोटीन, असं डब्यावर छापलं आहे. गाईच्या लिटरभर दुधात बत्तीस-तेहेतीस ग्रॅम प्रथिनं, त्यातला पाचवा हिस्सा व्हेचा, म्हणजे सहा-साडेसहा ग्रॅम. मी लिंबू पिळून काढले ते दोन चमचे म्हणजे एवढंच. चोवीसाला जवळजवळ चार लिटर दूध लागणार. तो ज्या एका चमच्याला 'स्कूप' म्हणतो आणि बाटलीत घालून खळाखळा हलवतो, त्यात चार लिटर दुधातलं व्हे आहे. अख्ख्या डब्यात शंभरावर लिटरचं. आपली कोकण कपिला दिवसाला दोनएक लिटर देते. वासराला एक थेंबही न सोडता दोन महिने तिचं दूध काढलं, तर एक डबा. हा हिशोब मी सासूबाईंना सांगितला तेव्हा त्या पहिल्यांदा गप्प बसल्या. तीन हजार जास्त आहेत की कमी, हे त्यांचं त्यांनाच ठरवेना.

मग मी डब्याच्या मागची यादीच वाचायला काढली. अक्षरं मुंगीएवढी. मोबाइलवर फोटो काढून मोठी केली.

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापायची असते, एवढा एक नियम माहीत असला तरी अर्धं काम होतं. पहिलं होतं व्हे प्रोटीन कॉन्सन्ट्रेट, दुसरं व्हे प्रोटीन आयसोलेट. कॉन्सन्ट्रेट म्हणजे वर सांगितलेली गाळणी. सर्रास वापरतात त्यात ऐंशी टक्क्यांच्या आसपास प्रथिन, बाकी थोडी स्निग्धता, थोडं लॅक्टोज, क्षार आणि ओल. आयसोलेट म्हणजे आणखी गाळून नव्वदीला नेलेलं, लॅक्टोज जवळजवळ नाहीच. तिसरा एक प्रकार असतो, हायड्रोलायझेट, त्यात एन्झाइम घालून प्रथिनांचे आधीच तुकडे केलेले असतात. तो कडू लागतो आणि त्याची किंमत त्याहून कडू. या डब्यात तो नव्हता.

त्यानंतर कोको पावडर, मग फ्लेवर, आणि मग आकडे सुरू झाले. ३२२, ४१२, ४१५, ९५५, ९५०. आकडे पाहिले की माणूस घाबरतो. मीही घाबरले असते, पण एकेक उलगडत गेले तर निम्मे ओळखीचे निघाले. ३२२ म्हणजे लेसिथिन, सोयाबीन नाहीतर सूर्यफुलाचं. त्याच्यामुळे पावडर पाण्यात गुठळ्या न होता विरघळते. ४१५ म्हणजे झॅन्थन गम, साखरेवर जिवाणू वाढवून केलेला डिंक. आणि ४१२ म्हणजे गवार. गवारीच्या बियांचा डिंक, राजस्थानात पिकतो तो.

"गवारीच्यो शेंगो?" सासूबाईंना डब्यातलं पहिल्यांदाच काहीतरी आवडलं होतं.

यादीच्या शेवटी पपेन होतं. ती तर कच्च्या पपईच्या चिकातली वस्तू. आम्ही मटण लवकर शिजावं म्हणून पपईची फोड टाकतो, तीच इथे पावडर पचायला मदत व्हावी म्हणून. किती मदत होत असेल देव जाणे. इतक्या खालच्या क्रमावरचं चिमूटभर पपेन बहुधा यादीची शोभा वाढवायला असतं, असं माझं मत आहे.

९५५ वर मात्र मी अडकून बसले. सुक्रालोज. साखरेच्या सहाशे पट गोड. मुलगा म्हणतो डब्यात साखर नाही, आणि ते खरं आहे, पण पावडर चाखली तर बासुंदी लाजेल. हे सुक्रालोज १९७६ साली लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजात सापडलं, आणि ते ज्यांच्या जिभेला पहिल्यांदा गोड लागलं ते शशिकांत फडणीस. साखरेच्या रेणूला क्लोरीन जोडून काही औद्योगिक उपयोगाचं मिळतं का, हे तिथे बघत होते. प्राध्यापक लेस्ली हॉफ यांनी सांगितलं 'टेस्ट' करा, यांनी ऐकलं 'टेस्ट' घ्या. मराठीत लिहिलं की दोन्ही 'टेस्ट' सारखेच दिसतात, हे मला आत्ता लिहिताना लक्षात आलं. प्रयोगशाळेतली पावडर जिभेवर ठेवणारा माणूस आज आठवला तरी पोटात गोळा येतो. आमच्या सरांनी तर बोट तोंडाजवळ नेलं तरी वर्गाबाहेर काढलं असतं. ९५० म्हणजे अ‍ॅसेसल्फेम पोटॅशियम, ते दोनशे पट गोड. दोन गोड एकत्र घातली की एकाची मागे रेंगाळणारी चव दुसरं झाकतं. गुळाच्या कालवणात चिमूटभर मीठ घालतो त्यातलाच प्रकार.

एवढं वाचून माझं मन बरंचसं निवळलं. आत विष नव्हतं, अमृतही नव्हतं. एका कारखान्याचं उरलेलं दुसऱ्या कारखान्यात गोड केलेलं, हिशोबी, स्वच्छ खाणं होतं. मुलाचं पोट फुगायचं त्याचंही कारण सापडलं. तो ही पावडर अर्धा लिटर दुधात घालून प्यायचा. न पचलेलं लॅक्टोज पोट फुगवतं. चमच्यात ते दोनएक ग्रॅम, पण अर्ध्या लिटर दुधात चोवीस. दोष पावडरीवर, प्रताप दुधाचा. पाण्यात घालून पी म्हटल्यावर आठ दिवसांत पोट ताळ्यावर आलं.

दुसऱ्या डब्याची गोष्ट मात्र निराळी. पहिला संपल्यावर कुणा मित्राच्या ओळखीने त्याने सोळाशेत किलोचा एक आणला. त्यावर पंचवीस ग्रॅमचा दावा अगदी ठळक होता, पण चमचा चाळीस ग्रॅमचा. यादीत दुसऱ्याच क्रमावर माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे स्टार्च तोडून केलेली पावडर, पोटात गेली की तिची साखरच. आणि त्याखाली ग्लायसीन, टॉरीन, क्रिएटिन, म्हणजे नत्र (नायट्रोजन) असलेली सुटी द्रव्यं.

इथे बीएस्सी पुन्हा कामाला आलं. प्रथिनं मोजायची जुनी, अजूनही चालणारी पद्धत कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतल्या योहान केल्डाल यांची, १८८३ सालची. ती प्रथिन मोजतच नाही, ती नत्र मोजते. नत्राच्या आकड्याला सव्वासहाने गुणायचं आणि त्याला प्रथिन म्हणायचं. आम्ही प्रॅक्टिकलला ते करायचो आणि अमोनियाच्या वासाने डोळे चोळायचो. आता नत्र असलेलं काहीही स्वस्तातलं त्यात मिसळा, आकडा वर जातो. २००८ मध्ये चीनमध्ये पाणी घातलेल्या दुधात मेलामाइन मिसळलं गेलं ते याच हिशोबाने, आणि त्यात तान्ही बाळं दगावली. ग्लायसीन काही विष नाही. ग्लायसीन आणि ल्यूसीन ही दोन्ही अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांच्या साखळीतले मणी. पण स्नायूंना लागणारं म्हणून ज्या ल्यूसीनचं कौतुक सांगून डबा विकतात, ते महाग आणि ग्लायसीन स्वस्त. मोजणाऱ्या यंत्राला दोन्ही सारखीच. फसवलंच आहे असं मी छातीठोक म्हणणार नाही, माझ्याकडे प्रयोगशाळा नाही. पण ज्याच्याकडे व्हे भरपूर आहे तो ग्लायसीन कशाला घालेल?

विकणाऱ्याला मुलाने दोनदा मेसेज केले, दोन निळ्या खुणा उमटल्या, उत्तर नाही. डब्यावर एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा संस्थेचा, चौदा आकडी परवाना क्रमांक असायला हवा, तिथे कसलंसं स्टिकर चिकटवलेलं आणि अर्धं सोललेलं. मी तो डबा वापरू दिला नाही. सोळाशे रुपये, म्हणजे बोटीवरचे त्याचे दोन दिवस. तो चार दिवस माझ्याशी नीट बोलला नाही. नंतर स्वतःच मोबाइल पुढे करून दाखवलं, २०२४ साली केरळमधल्या डॉक्टरांनी भारतात मिळणाऱ्या छत्तीस प्रोटीन पावडरी तपासल्या होत्या, आणि त्यातल्या पंचवीसांवरचा आकडा आतल्या मालाशी जुळत नव्हता.

मग आम्ही दोघांनी बसून त्याच्या जेवणाचा हिशोब केला. हे आधीच करायला हवं होतं. वजन सहासष्ट किलो. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या हिशोबाने धडधाकट माणसाला किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम, म्हणजे पंचावन्न. रोज दोन तास कबड्डी खेळणाऱ्याला त्याच्या दीडपट ते दुप्पट, धरा नव्वद. भात तो पोटभर खातो, अडीचशे ग्रॅम तांदूळ सहज, त्यातून अठरा-वीस. (भातात प्रोटीन असतं हे त्याला ठाऊकच नव्हतं.) दुपारी दोन बांगडे, चोवीस. रात्री कुळथाची पिठी, सहा-सात. सकाळी आंबोळ्या, त्यात उडीद, पाच-सहा. एक ग्लास दूध, सहा. झाले साठ. दोन अंडी आणि मूठभर शेंगदाणे घातले की ऐंशीच्या घरात. डब्यावाचून.

पण हा दिवस बांगड्याचा. आमच्याकडे सगळे दिवस बांगड्याचे नसतात, आणि हे किनाऱ्यावर न राहणाऱ्यांना पटत नाही. त्यांना वाटतं, मालवणात काय, रोज सुरमई. १ जून ते ३१ जुलै होड्या ओढून ठेवलेल्या, यांत्रिक मासेमारी बंद. सुकट, जवळा, सुके बांगडे असतात, आणि सुक्या जवळ्याच्या वजनात निम्म्याहून जास्त प्रथिनच असतं, पण जवळा माणूस किती खाईल? चटणीपुरता. तो संपतो न संपतो तोवर श्रावण. आमच्याकडे श्रावण कडक, अंडंसुद्धा घरात येत नाही. त्या महिन्यात वरण-भात, अळू, भाजी, वालाचं बिरडं, आणि पुन्हा वरण-भात. वरणात मिथिओनिन हे अमिनो आम्ल कमी आणि भातात लायसीन हे कमी, दोघांची उणीव एकमेकांनी भरून निघते, त्यामुळे जोडी झकास आहे. पण आकडा पंचेचाळीसच्या वर काही जात नाही. आणि गावोगावचे कबड्डीचे सामने पाऊस सरला की सुरू होतात, म्हणजे कसून सराव असतो तो नेमका याच दिवसांत.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये काढलेल्या आहारविषयक सूचनांत शरीर कमावण्यासाठी प्रोटीन सप्लिमेंट टाळा असं स्पष्ट लिहिलं आहे, ते मी त्याला वाचून दाखवलं. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग श्रावणात काय खाऊ?" मला उत्तर सुचलं नाही. फुटाणे, कुळीथ, दही असं मी म्हणत राहिले, आणि तो खातोही, पण सराव करून घामाघूम होऊन आलेल्या पोराला रात्री साडेनऊला वाटीभर फुटाणे चघळ म्हणणं सोपं नाही. शेवटी ठरलं ते असं, मासेमारीची बंदी आणि श्रावण या दोहोंपुरता एक डबा, तोही पहिल्याच दुकानातला, रोज एकच चमचा. बाकी वर्षभर बांगडे. नवऱ्याने मध्येच "मलाही दे एक चमचा" म्हणून पाहिलं. त्याचं क्रिएटिनिन मागच्या तपासणीत वर होतं. मूत्रपिंडाची तक्रार असलेल्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिनं वाढवायची नसतात, म्हणून त्याला वरणावरच ठेवलं.

श्रावणातच, नारळी पौर्णिमेच्या दोन दिवस आधी, जिच्याकडून मी प्रयोगाचं दूध आणलं होतं तिची गाय व्यायली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने तांब्याभर चीक पाठवला. पिवळाधमक, बोटाला चिकटणारा. मी त्यात साधं दूध आणि गूळ घातला, वेलची-जायफळ किसलं, आणि मोदकपात्रात वाफवायला ठेवला. हे मी कितीदा केलं असेल. त्या दिवशी झाकण काढलं आणि थबकले.

खरवसात विरजण नाही, लिंबू नाही, अंडं नाही. नुसत्या वाफेवर तो घट्ट होतो. साधं दूध तासभर उकळा, आटेल पण वडी पडणार नाही. चीक मात्र धरतो, कारण त्यात व्हे प्रोटीन खच्चून भरलेली असतात, साध्या दुधाच्या कितीतरी पट. माझ्या टोपातले पुंजके तेच आणि ही थरथरणारी वडी तीच. चक्क्याच्या पाण्यात, केळीच्या बुंध्यात, पनीरच्या निवळीत मी जे शोधत होते ते वर्षानुवर्षं ताटात होतं. आम्ही त्याला फक्त खरवस म्हणत होतो.

आणि ती प्रथिनं असतात प्रामुख्याने इम्युनोग्लोब्युलिन्स, म्हणजे रोगाशी लढणारी. बाईच्या पोटातल्या बाळाला ती नाळेतून मिळतात, गाईच्या वासराला नाही. ते जन्मतं कोरंच. पहिल्या दिवसात चीक पोटात गेला तरच त्याच्या अंगात ती उतरतात, पुढे आतड्याचा तो दरवाजा बंद होतो. हे मी सासूबाईंना सांगायला गेले तर त्यांनी हात उडवला. त्यांना प्रथिनं माहीत नाहीत, पण पहिल्या दिवसाचा चीक आमच्या घरात कधीच आलेला नाही. कुणी पाठवला तर त्या परत पाठवतात. "वासराचा पोट भरल्याशिवाय आपल्याक कसलो खरवस?"

मुलगा सराव करून आला, शेकरची बाटली धुऊन पालथी घातलेली होती तिच्याकडे हात नेला, आणि वास आला तसा थांबला. ताटातली वडी उचलून उभ्याउभ्याच तोंडात टाकली. दुसरीही उचलली.

"किती ग्रॅम गो?"

मी मनात हिशोब मांडायला लागले. चीक किती, त्यात दूध किती घातलं, वड्या किती पडल्या. तेवढ्यात शेजारच्या गोठ्यातून वासरू ओरडलं.

"ग्रॅम मागसून मोज," सासूबाई त्याला म्हणाल्या. "आधी जावन बघ, ता उभ्यान पितां काय नाय ता."

तो वडी हातात घेऊनच गेला.